अंत्यटिपा नीट करूनही परत बिघडतात? प्रबंधाच्या फाइलमधली मेख आणि तिचा इलाज

“काका, टिपांचे आकडे परत बिघडल्यात बघा.”

प्रबंध सादर करायचे दिवस जवळ आले की राजारामपुरीतल्या आमच्या टायपिंगच्या दुकानात हे वाक्य दिवसाआड ऐकू येतं. मुलं-मुली कोल्हापूरची असतात, तशी सांगली-साताऱ्याकडूनही येतात. कुणाचा इतिहासाचा प्रबंध, कुणाचा मराठीचा, कुणाला एखाद्या नियतकालिकाला लेख पाठवायचा असतो. मला त्या वाक्यातला ‘परत’ हा शब्द महत्त्वाचा वाटतो. म्हणजे एकदा नीट केलं होतं. बहुतेक वेळा हातानं, एकेक आकडा निवडून, रात्र जागून. दोन दिवसांनी मार्गदर्शकांनी एक परिच्छेद वर घ्यायला सांगितला आणि सगळं होतं तिथंच आलं. म्हणून आज हे सविस्तर लिहितोय. अंत्यटीप म्हणजे प्रकरणाच्या किंवा प्रबंधाच्या शेवटी येणारी टीप, वर्डच्या भाषेत ‘एंडनोट’. बहुतेकांकडे मायक्रोसॉफ्ट वर्ड असतो, तेव्हा मुख्यतः त्याच्याबद्दलच.

पहिली तपासणी अगदी साधी आहे. मजकुरातल्या टिपेच्या आकड्यावर माउस नेऊन थांबा. टिपेचा मजकूर छोट्या चौकटीत दिसला, आकड्यावर डबल-क्लिक केल्यावर कर्सर थेट शेवटच्या टिपेवर गेला, तर ती खरी अंत्यटीप. काहीच झालं नाही, तर तो आकडा कुणीतरी टाइप करून सुपरस्क्रिप्टनं वर चढवलेला आहे. दिसायला दोन्ही सारखेच. पण खरा आकडा म्हणजे एक खूण असते. तिचा नंबर वर्ड स्वतः मोजतो. मध्ये एक टीप घातली की पुढच्या सगळ्या एकेकानं सरकतात. हातानं लिहिलेला आकडा जागचा हलत नाही. एकाच फाइलमध्ये दोन्ही जातीचे आकडे मिसळले की मग अठरानंतर पंधरा, पंधरानंतर एकोणीस असा गोंधळ सुरू होतो, आणि तो कितीही वेळा हातानं दुरुस्त केला तरी पुढच्या बदलाबरोबर परत येतो.

हातानं टाकलेल्या टिपा आपोआप खऱ्या करणारं बटण वर्डमध्ये नाही. ‘व्ह्यू’मधून ‘स्प्लिट’ करायचं, वरच्या अर्ध्यात मजकूर, खालच्या अर्ध्यात टिपा. एक टीप कट करायची, वर आकड्याच्या जागी कर्सर ठेवून कंट्रोल-ऑल्ट-डी दाबायचं, उघडलेल्या जागेत पेस्ट करायचं, जुना आकडा पुसायचा. शंभर टिपांना एक अख्खी दुपार लागते. पण ती दुपार एकदाच लागते. प्रबंध अजून लिहायचाच असेल तर पहिल्या टिपेपासून कंट्रोल-ऑल्ट-डी वापरा, एवढी माझी हात जोडून विनंती आहे.

टीप काढून टाकतानाही याचीच आठवण ठेवायची. शेवटच्या यादीत जाऊन टिपेचा मजकूर पुसला तर आकडा तसाच राहतो आणि त्याच्यापुढं नुसती मोकळी ओळ. मजकुरातली खूण पुसा, टीप आपोआप जाते. आणि मार्गदर्शकांनी ‘ट्रॅक चेंजेस’ चालू ठेवून दुरुस्त्या केल्या असतील, तर पुसलेल्या टिपासुद्धा मोजणीत धरल्या जातात. आकडे मध्येच एकदोनानं उडी मारतायत असं दिसलं तर आधी हे बघा. बदल ‘अॅक्सेप्ट’ केले की उडी जाते.

‘प, पप, पपप’

मागच्या पावसाळ्यात गारगोटीकडची एक मुलगी पेनड्राइव्ह घेऊन आली. विषय शाहूकालीन वसतिगृहांचा. १९०१ सालचं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, २६ जुलै १९०२ चा करवीर गॅझेटमधला पन्नास टक्के जागा राखून ठेवण्याचा जाहीरनामा, जुनी दप्तरं. एकेका पानावर पाच-सहा टिपा. पाच प्रकरणं पाच फाइलींत कृतिदेवमध्ये टाइप केलेली. आदल्या रात्री तिनं ती एका नव्या फाइलमध्ये एकत्र केली होती. फाइल उघडल्यावर तिनं बोट ठेवून दाखवलं. पहिल्या टिपेच्या जागी ‘प’, दुसरीच्या ‘पप’, तिसरीच्या ‘पपप’. चौथीला ‘पअ’, पाचवीला नुसता ‘अ’, नववीला ‘पग’.

“व्हायरस शिरलाय का ओ काका?” तिचे डोळे भरले होते. तीन दिवसांनी प्रत द्यायची होती.

व्हायरस वगैरे काही नव्हतं. वर्डमध्ये अंत्यटिपांचे आकडे मुळात छोट्या रोमन लिपीत येतात: आय, डबल आय, ट्रिपल आय, आय-व्ही, व्ही. तिच्या जुन्या फाइलींमध्ये ते बदलून साधे आकडे केलेले होते. नव्या फाइलमध्ये मूळची सेटिंग होती, आणि पेस्ट केलेल्या टिपा नव्या फाइलचा नियम पाळतात. त्यात कृतिदेव हा जुन्या पद्धतीचा फाँट. त्याच्या हिशेबानं आय या अक्षराचं चित्र ‘प’, व्हीचं ‘अ’, एक्सचं ‘ग’. रोमन चार म्हणजे आय-व्ही, तो ‘पअ’ दिसणार. नऊ म्हणजे आय-एक्स, तो ‘पग’.

इलाज एका मिनिटाचा. ‘रेफरन्सेस’ टॅबमध्ये ‘फुटनोट्स’ या गटाच्या कोपऱ्यात एक बारीक बाण असतो. तो दाबला की खिडकी उघडते. तिथं ‘एंडनोट्स’ निवडायचं, ‘नंबर फॉरमॅट’मध्ये साधे आकडे घ्यायचे, आणि सगळ्यात खाली ‘अप्लाय चेंजेस टू’पुढं ‘होल डॉक्युमेंट’ करून ‘अप्लाय’. ही खालची ओळ बरेच जण बघतच नाहीत. तिथं ‘धिस सेक्शन’ राहिलं की एकाच प्रकरणातले आकडे सुधारतात, बाकीचे रोमनच राहतात, आणि “परत बिघडलं” म्हणून माणूस दुकानात येतो.

देवनागरी आकडे हवे असतील तर फाइल युनिकोडमध्येच हवी, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा संकेत असलेल्या नव्या पद्धतीत. नंबर फॉरमॅटच्या यादीत १, २, ३ दिसत नसतील तर ‘ऑप्शन्स’मधल्या ‘लँग्वेज’मध्ये हिंदी ही एडिटिंगची भाषा म्हणून जोडा, वर्ड बंद करून पुन्हा उघडा आणि यादी परत बघा. कृतिदेव, श्रीलिपी अशा फाँटमध्ये सगळा प्रबंध झालेला असेल तर शेवटच्या आठवड्यात युनिकोडमध्ये बदलायच्या भानगडीत पडू नका. बदलताना जोडाक्षरं आणि रफार कुठंतरी हमखास मोडतात, आणि प्रत्येक पान परत वाचावं लागतं. नव्यानं सुरुवात करणाऱ्यांनी मात्र युनिकोडशिवाय दुसरं काही वापरू नये.

टिपा ग्रंथसूचीच्या मागं जाऊन बसतात

ही तक्रार सगळ्यात जास्त येते. उपसंहार संपला की टिपा हव्यात, त्यानंतर संदर्भग्रंथांची सूची. पण टिपा दस्तऐवजाच्या अगदी शेवटी, म्हणजे सूचीच्या खाली जातात. मग मुलं त्या कट करून वर आणायला बघतात, वर्ड काही कट करू देत नाही, आणि शेवटी सगळ्या टिपा साध्या मजकुरात उतरवून हातानं आकडे घातले जातात. तिथंच पुढच्या सगळ्या त्रासाचं बी पडतं.

यावर सोपी वाट आहे, फक्त ती दोन वेगवेगळ्या खिडक्यांत वाटलेली असल्यामुळं सापडत नाही. उपसंहाराच्या शेवटी कर्सर ठेवा. ‘लेआउट’ टॅबमध्ये ‘ब्रेक्स’, त्यात ‘सेक्शन ब्रेक’ खालचं ‘नेक्स्ट पेज’. नव्या पानावर ‘टिपा’ असा मथळा लिहा. त्याच्याखाली आणखी एक तसाच सेक्शन ब्रेक, आणि त्यापुढं ग्रंथसूची. आता मघाच्या एंडनोटच्या खिडकीत ‘एंड ऑफ डॉक्युमेंट’ऐवजी ‘एंड ऑफ सेक्शन’ निवडा, नंबरिंग ‘कंटिन्युअस’, आणि होल डॉक्युमेंटला लागू करा. एवढ्यानं प्रत्येक विभागाच्या, म्हणजे सेक्शनच्या शेवटी टिपा पडलेल्या दिसतील. घाबरू नका. पहिल्या पानापासून उपसंहाराच्या शेवटापर्यंतचा मजकूर निवडा, ‘लेआउट’मध्ये ‘पेज सेटअप’चा कोपऱ्यातला बाण दाबा, खिडकीतल्या ‘लेआउट’ या टॅबवर जा. तिथं ‘सप्रेस एंडनोट्स’ असा चौकोन आहे. त्यावर खूण करा, खाली ‘सिलेक्टेड सेक्शन्स’ आहे ना ते बघा आणि ओके.

नावावरून वाटतं की टिपा गायबच होतील. तसं नाही. या विभागात छापू नको, पुढं ने, एवढाच त्याचा अर्थ. ज्या पहिल्या विभागात ही खूण नसेल तिथं सगळ्या टिपा उतरतात, म्हणजे आपल्या ‘टिपा’ या मथळ्याखाली. मथळा मुख्य मजकुरात असल्यामुळं त्याला ‘हेडिंग’ स्टाइल दिली की तो अनुक्रमणिकेतही येतो. तो चौकोन पुसट दिसत असेल, खूण होत नसेल, तर टिपा अजून ‘एंड ऑफ डॉक्युमेंट’वरच आहेत असं समजा.

मराठी-इतिहासाच्या बऱ्याच प्रबंधांत टिपा प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी मागतात. मग तर हे आणखी सोपं: प्रत्येक प्रकरण वेगळा विभाग, ‘एंड ऑफ सेक्शन’, आकडे प्रत्येक विभागात नव्यानं म्हणजे ‘रीस्टार्ट ईच सेक्शन’, आणि सप्रेसची खूण कुठंच नाही.

पण इथं एक मेख आहे. प्रकरणाच्या मध्ये एखादं मोठं कोष्टक आडव्या पानावर घेतलं असेल तर त्या पानाच्या आधी आणि नंतर सेक्शन ब्रेक पडलेले असतात. म्हणजे एकाच प्रकरणाचे तीन विभाग झाले. मग कोष्टकाच्या आधीच प्रकरणाच्या अर्ध्या टिपा छापून येतात, आणि कोष्टकानंतर आकडे परत एकपासून सुरू. असं झालं की लोक फाइल खराब झाली म्हणतात. फाइल ठीक असते. त्या प्रकरणाच्या पहिल्या दोन तुकड्यांना ‘सप्रेस एंडनोट्स’ द्या, आणि दुसऱ्या-तिसऱ्या तुकड्यात कर्सर ठेवून नंबरिंग ‘कंटिन्युअस’ करा, इथं मात्र ‘धिस सेक्शन’पुरतंच. सेक्शन ब्रेक कुठं कुठं आहेत ते दिसत नसेल तर ‘होम’ टॅबमधली परिच्छेदाची ती उलट्या पीसारखी खूण दाबा; सगळे ब्रेक दुहेरी ठिपक्यांच्या रेघेत दिसतात.

अक्षरांचा आकार बदलला, मराठीचा मात्र नाही

टिपांचं रूप दोन स्टाइलींच्या हातात असतं. टिपेच्या मजकुराला ‘एंडनोट टेक्स्ट’, आकड्याला ‘एंडनोट रेफरन्स’. टिपा सिलेक्ट करून वरच्या पट्टीवरून फाँट बदलला तर तेवढ्यापुरतं होतं. पुढची नवी टीप जुन्याच रूपात येते. म्हणून कुठल्याही टिपेत कर्सर ठेवून कंट्रोल-शिफ्ट-एस दाबा. छोट्या खिडकीत स्टाइलचं नाव येईल, शेजारी ‘मॉडिफाय’. आत ‘फॉरमॅट’, मग ‘फाँट’. तिथं दोन वेगळे कप्पे असतात, एक लॅटिन अक्षरांचा आणि एक ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’चा. युनिकोड मराठी दुसऱ्या कप्प्याचं ऐकते. वरच्या कप्प्यात दहा पॉइंट केलं आणि खालचा बाराच राहिला, तर टिपेतली इंग्रजी पुस्तकांची नावं बारीक आणि मराठी ठसठशीत. दोन्ही कप्पे भरा. ठळकपणासुद्धा दोन्हीकडं वेगळाच असतो.

ओळींमधलं अंतर टिपांमध्ये नको तेवढं वाढतं, कारण ‘एंडनोट टेक्स्ट’ ही ‘नॉर्मल’ स्टाइलची मूल. प्रबंधासाठी नॉर्मलला दीडपट अंतर दिलं की टिपाही पसरू शकतात. मॉडिफायमधल्या ‘पॅराग्राफ’मध्ये तिला स्वतःचं अंतर द्या. वर चढलेल्या आकड्यांमुळं मजकुराच्या ओळी खाली-वर दिसत असतील तर काही जण ‘एक्झॅक्टली’ करून नेमका पॉइंट देतात. द्या, पण हात सैल ठेवून. दहा पॉइंटच्या देवनागरीला बारा पॉइंटची ओळ दिली तर रफार आणि वेलांट्यांचे शेंडे कापले जातात. पंधरा-सोळा मला बरे वाटतात, आणि एक पान छापून बघितल्याशिवाय मी पुढं जात नाही.

आधी हातानं केलेलं सगळं रंगकाम काढून स्टाइल लागू करायची असेल तर परिच्छेदासाठी कंट्रोल-क्यू निर्धास्त वापरा. कंट्रोल-स्पेसबारला मात्र जपून. सगळ्या टिपा निवडून तो दाबला की आकड्यांची सुपरस्क्रिप्टही जाते आणि ग्रंथांची तिरपी केलेली नावंही सरळ होतात.

टिपांच्या वर येणारी आडवी रेघ हे आणखी एक दुखणं. ती सिलेक्टच होत नाही. ‘व्ह्यू’मध्ये जाऊन ‘ड्राफ्ट’ करा, मग ‘रेफरन्सेस’मध्ये ‘शो नोट्स’. खाली एक कप्पा उघडेल, त्याच्या यादीत ‘एंडनोट सेपरेटर’ निवडलं की रेघ हाताशी येते, पुसून टाका. टिपा दुसऱ्या पानावर गेल्यावर तिथं पानभर लांब रेघ दिसत असेल तर ती ‘एंडनोट कंटिन्युएशन सेपरेटर’ या नावाखाली सापडेल. तीही तशीच काढायची.

काही ठिकाणी खालच्या यादीत आकडा वर चढलेला नको, सरळ आणि पुढं टिंब हवं असतं. हे सगळ्यात शेवटी करा, कारण नंतर घातलेली नवी टीप पुन्हा वर चढलेल्या आकड्यासकटच येईल. टिपांमध्ये क्लिक करून कंट्रोल-ए, मग कंट्रोल-एच. ‘मोअर’ दाबल्यावर ‘स्पेशल’ दिसतं. शोधायच्या जागी त्यातून ‘एंडनोट मार्क’ घ्या, बदलायच्या जागी ‘फाइंड व्हॉट टेक्स्ट’ आणि एक टिंब, फाँटमध्ये सुपरस्क्रिप्टची खूण काढलेली. उरलेल्या दस्तऐवजात शोधू का असं विचारलं तर ‘नो’ म्हणा, नाहीतर मजकुरातले आकडेही खाली उतरतील.

‘तत्रैव’ कुणाचं?

आकडे बरोबर आले, रेघ गेली, फाँट जुळला, तरी टिपा चुकू शकतात, आणि ही चूक वर्डला कळत नाही. ती परीक्षकांनाच कळते.

समजा, बाविसावी टीप करवीर गॅझेटची, तेविसावी ‘तत्रैव’, म्हणजे ‘लगेच आधीच्या टिपेतलाच संदर्भ’. मार्गदर्शक म्हणाले, हा परिच्छेद मागच्या प्रकरणात न्या. परिच्छेद गेला, त्याच्याबरोबर बाविसावी टीप गेली. तेविसाव्या टिपेतलं ‘तत्रैव’ जागेवरच राहिलं, आणि आता त्याच्या आधी भलत्याच कुठल्यातरी ग्रंथाची टीप आहे. आकडे तर वर्डनं चोख लावलेत, म्हणून कुणाचं लक्ष जात नाही. ‘उनि’चंही, म्हणजे ‘आधी उल्लेखलेला ग्रंथ’ याचंही, तेच. त्या मुलीच्या प्रबंधात ‘प’चे आकडे सुधारल्यावर आम्ही दोघं टिपा वाचायला बसलो. एका जागी गॅझेटच्या मजकुराखाली ‘तत्रैव’ होतं, आणि ते बोट दाखवत होतं एका वसतिगृहाच्या अहवालाकडं. ती गप्प झाली. मग म्हणाली, “हे तर पपपपेक्षा वाईट आहे.” तिचं बरोबर होतं. ज्या दप्तरासाठी ती आठवडाभर पुराभिलेखागारात बसली होती, त्या दप्तराचं श्रेयच दुसरीकडं जात होतं.

म्हणून माझा आग्रह असा की लिहिताना ‘तत्रैव’ आणि ‘उनि’ वापरूच नका. प्रत्येक टिपेत लेखकाचं आडनाव, छोटं शीर्षक आणि पृष्ठ क्रमांक लिहा. टीप लांबते, लांबू द्या. मार्गदर्शकांची शेवटची सही झाल्यावर, काही हलायचं उरलं नाही की मग एक दिवस देऊन वरून खाली एका दमात ‘तत्रैव’ घाला. संदर्भ सांभाळणारं झोटेरोसारखं साधन वापरत असाल तर हे काम बरंचसं तेच करतं, पण त्यानं घातलेल्या टिपा हातानं खोडायच्या नाहीत, नाहीतर त्याचा हिशेब तुटतो.

‘टीप क्र. १४ पाहा’ असं लिहिताना १४ टाइप करू नका. ‘रेफरन्सेस’मध्ये ‘क्रॉस-रेफरन्स’, त्यात ‘एंडनोट’, आणि हवी ती टीप निवडा. टिपा सरकल्या की हा आकडाही सरकतो, फक्त त्याला जागं करावं लागतं: कंट्रोल-ए, मग एफ-९. मुख्य मजकुरात उभं राहून हे केलं तर टिपांच्या आतले उल्लेख सुधारत नाहीत. टिपांमध्ये क्लिक करून पुन्हा एकदा कंट्रोल-ए आणि एफ-९. या दुसऱ्या वेळेचा विसर पडल्यामुळं बांधून झालेल्या प्रती मी परत आलेल्या बघितल्यात, आणि पाच-सहा प्रतींचं रेक्झिन बाइंडिंग विद्यार्थ्याच्या खिशाला परवडणारं नसतं.

प्रकरणं जोडण्याआधी

एक रिकामी फाइल करा. तिच्यात नंबर फॉरमॅट, दोन्ही स्टाइली, टिपांची जागा हे सगळं आधी बसवा. खोट्या दोन टिपा घालून बघा. मग एकेक प्रकरण आणा, आणि प्रत्येक प्रकरणानंतर शेवटचा आकडा मूळ फाइलमधल्या संख्येशी ताडून बघा. पहिल्यात ४१, दुसऱ्यात ३८, तर जोडल्यावर ७९ यायलाच हवेत. ७८ आले तर एक टीप हातानं टाकलेली होती, आणि ती आत्ताच शोधायची, शेवटी नाही. पेस्ट करताना ‘मर्ज फॉरमॅटिंग’ किंवा नव्या फाइलची स्टाइल घेणारा पर्याय निवडा, ‘कीप सोर्स’ घेतलं की जुन्या फाइलचा कचराही सोबत येतो. ‘कीप टेक्स्ट ओन्ली’ तर चुकूनही नको, त्यात टिपाच राहत नाहीत.

लिब्रेऑफिसवाल्यांसाठी थोडंसं: तिथं टिपांची सेटिंग ‘टूल्स’ मेन्यूत आहे, आणि प्रकरणाच्या शेवटी टिपा हव्या असतील तर ‘इन्सर्ट’मधून सेक्शन करून त्याच्या फुटनोट-एंडनोटच्या टॅबवर ‘कलेक्ट अॅट एंड ऑफ सेक्शन’ निवडायचं. तिथला सेक्शन आणि वर्डचा सेक्शन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यामुळं घरी लिब्रेऑफिस, कॉलेजात वर्ड आणि प्रवासात मोबाइल अशी एकच फाइल तिन्हीकडं फिरवू नका.

त्या मुलीच्या प्रबंधाचं काम आम्ही दुसऱ्या दिवशी रात्री नऊला संपवलं. मी पीडीएफ केली, तिनं टिपांची पानं छापून घेतली आणि पेन्सिलनं प्रत्येक आकड्यावर खूण करत मजकुराशी जुळवत गेली. १६३ वी टीप जुळली तेव्हा गारगोटीची गाडी निघून गेली होती. ती मैत्रिणीच्या खोलीवर राहिली आणि सकाळी दुकान उघडायच्या आधीच बाइंडिंगसाठी कागद घेऊन पायरीवर बसली होती.